पुंड आणि पाळेगार

बेंगळूरहून कोलारकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पंचवीस-सव्वीस किलोमीटर गेले की होसकोटे लागते. कानडीत ‘होस’ म्हणजे नवा आणि ‘कोटे’ म्हणजे कोट. कोलारचा कोट जुना, म्हणून हा नवा. दक्षिण पिनाकिनी नदीच्या पाण्यावर भरणारा विस्तीर्ण तलाव गावाला लागून आहे, अविमुक्तेश्वराचे जुने देवालय आहे आणि अलीकडे बेंगळूरचे कारखाने व गोदामे थेट वेशीला येऊन भिडली आहेत. मराठी वाचकाने हे नाव ऐकलेले असते ते बहुधा शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीच्या यादीत. बेंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे अशी ती यादी शाळेत पाठ केलेली असते आणि परीक्षेनंतर विसरलेलीही असते.

हे गाव १५९५ च्या सुमारास सुगटूरच्या तम्मेगौडाने वसविले. पेनुकोंड्याला राज्य करीत असलेल्या विजयनगरच्या राजाने त्याला ‘चिक्करायल’ हा किताब दिला होता. तम्मेगौडाने कोट बांधला, पेठ भरविली आणि राजाची चाकरी केली. इतिहासात त्याची नोंद झाली आहे ती ‘पाळेगार’ म्हणून.

आता हाच शब्द मराठी बोलण्यात कोणत्या अर्थाने येतो ते पाहावे. मराठीत पाळेगार एकटा सहसा येत नाही; तो ‘पुंडपाळेगार’ अशा जोडीने येतो. पुंड म्हणजे राजाज्ञा न मानणारा, उद्दाम, मुलखाला उपद्रव देणारा. कानडीतही हा शब्द आहे आणि ‘पुंडाट’ म्हणजे दांडगाई असे आजही तेथे म्हणतात. पुंडपाळेगारांचा ‘बंदोबस्त’ करावयाचा असतो, त्यांचे ‘पारिपत्य’ करावयाचे असते, त्यांना ‘जरब बसवावयाची’ असते. ज्याने देवालय उभारले आणि पेठ वसविली, तो मनुष्य भाषेत पुंडाच्या शेजारी कसा जाऊन बसला? या एका शब्दाचा प्रवास नीट पाहिला तर सत्तेने आपल्या विरोधकांना नावे कशी दिली, याचा चांगला उलगडा होतो.

मूळ शब्दात बंडाचा वासही नाही. कानडीतील ‘पाळेय’ आणि तमिळमधील ‘पाळैयम’ यांचा अर्थ लष्कराचा तळ, छावणी. तळाचा जो धनी तो पाळेयगार, तमिळमध्ये पाळैयक्कारर. मराठी कानाला येथे ‘पाळणे’ किंवा ‘पाळत’ आठवण्याचा संभव आहे, पण त्याचा काही संबंध नाही. छावणीचा हा शब्द गावांच्या नावांत अजून जिवंत आहे. निलगिरीच्या पायथ्याचे मेट्टुपाळयम प्रवाशांना ठाऊक असते. बेंगळूरमध्येच कामाक्षीपाळ्य आहे, गोरीपाळ्य आहे. तेथे राहणाऱ्यांना आपण एका जुन्या लष्करी शब्दात राहतो याची कल्पनाही नसेल.

विजयनगरच्या राज्यव्यवस्थेत ही पदवी सन्मानाची होती. राजाने नायकाला मुलूख लावून द्यावा. नायकाने त्या उत्पन्नावर फौज बाळगावी, बोलावणे आले की ती घेऊन हजर व्हावे आणि ठरलेला ऐवज खजिन्यात भरावा. मदुरेच्या विश्वनाथ नायकाने आणि त्याचा मंत्री अरियनाथ मुदलियार याने सोळाव्या शतकात आपल्या राज्याची बहात्तर पाळयांत वाटणी केल्याचे प्रसिद्ध आहे. पाळेगाराकडे गावांची राखण असे. चोरी झाली तर चोर धरून देणे, नाही तर भरपाई करणे हे त्याचे काम. जंगल तोडून वस्ती करणे, तलाव बांधणे, देवालयाला इनाम देणे हेही तोच करी. थोडक्यात, देशमुख, ठाणेदार आणि सरदार या तिघांची कामे त्या एका पदात एकवटली होती. आपल्याकडील देशमुखांचाही इतिहास पुष्कळसा असाच आहे. मात्र देशमुख आडनाव झाले आणि पाळेगार शिवी झाली.

१५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा मोड झाला. राजधानी पेनुकोंड्याला आणि पुढे आणखी दक्षिणेकडे गेली. सिंहासन सरकत गेले, पण पाळेगार आपापल्या जागी होते. १५३७ मध्ये बेंगळूरचा कोट बांधणाऱ्या केंपेगौडाचे वंशज बेंगळुरात होते, सुगटूरकर होसकोट्यास आणि कोलारला होते. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या सरदारकीखाली विजापूरची फौज आली, बेंगळूर पडले, केंपेगौडाच्या वंशजाला मागडीकडे जावे लागले आणि होसकोटे-कोलारचा मुलूखही लवकरच विजापूरच्या अमलाखाली आला. विजापूरच्या दृष्टीने हे सारे पाळेगार ‘सर करावयाचे’ होते. वास्तविक सुगटूरकरांनी कोणाविरुद्ध बंड केले होते? ज्या राजाने किताब दिला त्याच्या वंशाला ते धरून राहिले होते, एवढेच. धनी बदलला आणि कालचा इमानी चाकर आज पुंड ठरला. पाळेगार या शब्दावर चढलेला काळा रंग येथून सुरू होतो.

या घटनेतील सर्वांत चमत्कारिक गोष्ट अशी की, या मुलखावर विजापूरने जो सरदार नेमला तो स्वतः याच अनुभवातून नुकताच बाहेर पडला होता. निजामशाहीचे तख्त १६३३ मध्ये मोगलांनी बुडविले, तेव्हा शहाजीराजांनी त्या घराण्यातील एक मूल गादीवर बसवून तीन वर्षे मोगलांशी आणि अखेरीस विजापूरशीही झुंज दिली. १६३६ मध्ये माहुलीला त्यांना शरण जावे लागले. मोगलांच्या लेखी ते बंडखोर होते. निजामशाहीच्या लेखी तिचे अखेरचे आधारस्तंभ होते. पडलेल्या तख्तासाठी लढलेला हा पुरुष दुसऱ्या एका पडलेल्या तख्ताच्या चाकरांवर अंमल बसविण्यासाठी बेंगळूरला आला. त्यांनी सुगटूरकरांकडे आणि केंपेगौडाच्या घराण्याकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल, हे कागदपत्रांतून समजत नाही. मात्र बेंगळूरला त्यांनी जो दरबार थाटला त्यात अनेक भाषांचे कवी होते, हे जयराम पिंड्ये याच्या राधामाधवविलासचंपूवरून दिसते. नुसती जरब बसविण्यासाठी आलेल्या माणसाचा तो दरबार वाटत नाही. पुढे १६४८ मध्ये जिंजीच्या वेढ्यात खुद्द विजापूरनेच शहाजीराजांना कैद केले. चाकर आणि पुंड यांतील अंतर किती अरुंद असते, हे त्यांना दोनदा अनुभवावे लागले.

१६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिण-दिग्विजयाला निघाले आणि हा मुलूख त्यांच्या हाती आला. व्यंकोजीराजांशी झालेल्या तहाची जी कलमे बखरीतून आली आहेत त्यांत एक हृद्य कलम आहे. बेंगळूर-होसकोट्याकडील उत्पन्न व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी द्यावे, असे ते कलम. एका पिढीपूर्वी ज्या गावासाठी तोफा चालल्या त्याचे आता वहिनीच्या ओटीत घालावयाचे वाण झाले! दहा वर्षांनी, १६८७ मध्ये, औरंगजेबाचा सरदार कासीमखान या प्रांतात उतरला. शिऱ्याचा मोगली सुभा स्थापन झाला आणि त्याच्या सात परगण्यांत होसकोटे हा एक परगणा झाला.

मोगलांच्या दफ्तरात मराठ्यांना काय नाव होते? ‘गनीम’. हा अरबीतून फारसीत आलेला शब्द. लुटारू, शत्रू असा त्याचा अर्थ. म्हणजे ज्या मुलखात मराठे पाळेगारांना पुंड म्हणत त्याच मुलखात मोगल मराठ्यांना गनीम म्हणत. दोन्ही शब्दांचा आशय एकच: जो आमची सत्ता मानीत नाही तो. पुढे मराठ्यांनी हा शब्द उचलून स्वतःच्या शत्रूलाच लावला. आणि ‘गनिमी कावा’ या रूपात तर तो आपल्या युद्धपद्धतीचे नाव म्हणून मिरविला. शत्रूने हिणविण्यासाठी वापरलेल्या शब्दाला भाषेने असा मान दिल्याची उदाहरणे फार नाहीत. पाळेगारांच्या वाट्याला मराठीत हे भाग्य आले नाही.

त्याचे कारण खंडणीत आहे. पेशवाईत कर्नाटकातील मोहिमा पावसाळा संपला की निघत. फौज आली की पाळेगाराने खंडणी द्यावी, फौज परतली की हात आखडता घ्यावा, पुढच्या साली मागील बाकी धरून पुन्हा घासाघीस करावी, असा हा क्रम चाले. पुण्याच्या दफ्तराला पाळेगार दिसे तो एवढाच. ऐवज आला तर त्याचे नाव जमेच्या बाजूस जाई, थकला तर तो पुंड. त्याच्या गावातील तलाव, त्याची राखण, त्याने दिलेली इनामे ही त्या हिशेबात येण्याचे कारण नव्हते. मराठी भाषेतील पाळेगार हा असा वसुलीच्या कागदावरून उतरलेला आहे. गावच्या माणसाने त्याला पाहिले असते तर शब्दाला दुसरा एखादा अर्थही चिकटला असता. पाळेगार सारेच सज्जन होते असे मुळीच नाही; शेजारच्याची गुरे वळवून नेणारे आणि वाटसरूंना नागवणारे त्यांच्यात पुष्कळ होते. पण तसे ते त्या काळच्या सरदारांतही होते आणि त्यांना कोणी पुंड म्हटले नाही.

सत्तेच्या कागदाने माणसाचे रूप कसे पालटते, याचे दोन दाखले होसकोट्याच्या मातीतच सापडतात.

पहिला १७६१ मधला. हैदरअली हा म्हैसूरच्या राजाचा नोकर. त्याने धन्याची सत्ता बळकावली होती. १७६० मध्ये त्याला श्रीरंगपट्टणातून पळूनही जावे लागले होते. त्या वेळच्या भाषेत त्याला काय म्हणावयाचे ते उघड आहे. निजामाचा भाऊ बसालतजंग या प्रांतात आला, त्याने मराठ्यांकडे असलेल्या होसकोट्याला वेढा घातला आणि हैदर त्याला जाऊन मिळाला. होसकोटे पडले. या मोहिमेतच बसालतजंगाने नजराणा घेऊन हैदराला शिऱ्याची नबाबी लिहून दिली. शिरे अजून मराठ्यांच्या ताब्यात होते. देणाऱ्याच्या हाती नव्हते आणि घेणाऱ्याच्याही नव्हते. पण कागद झाला आणि धन्याविरुद्ध उठलेला नोकर ‘नबाब हैदरअलीखान’ झाला.

दुसरा दाखला गुत्तीच्या मुराररावाचा. मुरारराव घोरपडे म्हणजे संताजीच्या भाऊबंदांपैकी, ‘हिंदुराव’ या किताबाचे घराणे. पेशव्यांप्रमाणेच आपणही छत्रपतींचे चाकर; मग पेशव्यांचा हुकूम का म्हणून मानावयाचा, असा त्याचा बाणा. १७५६ मध्ये सावनूरच्या वेढ्यात तो नबाबाच्या बाजूने पेशव्यांविरुद्ध उभा राहिला. पुण्याच्या दृष्टीने ही सरळ पुंडाई होती. पुढे थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत याच मुराररावाला सेनापतिपद मिळाले आणि तो पेशव्यांच्या बरोबरीने हैदरावर चालून गेला. मनुष्य तोच, गुत्तीचा किल्ला तोच, बाणाही बहुतेक तोच. बदलले ते पुण्याचे त्याच्याशी असलेले नाते.

१७६८ च्या ऑगस्टात हा मुरारराव इंग्रजांच्या मदतीला होसकोट्यास येऊन तळ देऊन राहिला होता. हैदराने रात्री त्याच्या तळावर छापा घातला. अंधारात आपला कोण आणि परका कोण हे कळेना. तेवढ्यात मुराररावाचा हत्ती जखमी होऊन सुटला, पायाची साखळी त्याने सोंडेत धरली आणि डावीउजवीकडे फिरवीत तो हैदराच्या घोडेस्वारांत घुसला. स्वार मागे हटले ते आपल्याच पायदळावर जाऊन आदळले आणि छापा फसला. हा प्रसंग इंग्रज इतिहासकार विल्क्सने नमूद केला आहे. त्या रात्रीच्या तळाभोवती एका बाजूला नबाब झालेला चाकर होता, दुसऱ्या बाजूला सेनापती झालेला पुंड आणि तिसऱ्या बाजूला इंग्रज, ज्यांना अजून कोणीच पुंड म्हणत नव्हते.

पाळेगार कामाचा असला की त्याला पुंड म्हणण्याचेही कोणाला स्मरण राहत नसे. १७७० मध्ये माधवरावांच्या फौजेने बेंगळूरच्या वायव्येस असलेला निजगल किल्ला वेढला होता. किल्ला महिनोन्महिने दाद देईना. तो अखेर सर झाला तो चित्रदुर्गच्या पाळेगाराच्या माणसांनी तटावर चढून. त्या दिवशी चित्रदुर्गकर पुंडपाळेगारांपैकी नव्हते, स्नेही होते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजांच्या हाती गेला. त्यांनी त्याचे ‘पॉलिगार’ केले आणि मराठी दफ्तरातला अर्थ जसाच्या तसा उचलला. अर्काटच्या नबाबाने १७९२ च्या तहाने पाळेगारांची खंडणी वसूल करण्याचा अधिकार कंपनीला दिला. पांचालंकुरिच्चीचा वीरपांड्य कट्टबोम्मन हा मदुरेच्या नायकांच्या काळापासूनच्या पाळेगार घराण्यातला. कंपनीशी आपला काय संबंध, असा त्याचा प्रश्न होता. १६ ऑक्टोबर १७९९ रोजी कयत्तार येथे त्याला फाशी देण्यात आले. १८०० मध्ये निजामाकडून मिळालेल्या प्रांताचा कारभार थॉमस मन्रोकडे आला, तेव्हा तेथे सुमारे ऐंशी पाळेगार होते. काही वर्षांत कोणाला पेन्शन देऊन, कोणाला हुसकावून त्याने ती संस्था मोडून टाकली. त्या प्रांतातील उय्यालवाडा नरसिंह रेड्डी १८४६ मध्ये उठला आणि १८४७ च्या फेब्रुवारीत कोयिलकुंट्ल्यास फासावर गेला.

आज तमिळ प्रदेशात कट्टबोम्मन स्वातंत्र्यवीर आहे. १९५९ मध्ये त्याच्यावरील चित्रपट निघाला आणि तो घरोघर पोहोचला. त्यात कट्टबोम्मनची भूमिका करणारे नट शिवाजी गणेशन. त्यांना ‘शिवाजी’ हे नाव मिळाले होते ते अण्णादुरै यांच्या नाटकात शिवाजी महाराजांची भूमिका गाजविल्यामुळे. मोगलांनी ज्याला गनीम म्हटले त्याचे नाव धारण करून, इंग्रजांनी ज्याला फासावर दिले तो पाळेगार रंगविला गेला. तमिळ प्रेक्षकाला यात काही विसंगती वाटली नाही, आणि वाटण्याचे कारणही नव्हते. मराठी कोशात मात्र हा पाळेगार पुंडाच्या शेजारून अजून उठलेला नाही.

इंग्रजी अमलात महाराष्ट्रातच नवे विरोधक उभे राहिले आणि त्यांच्यासाठी ‘बंड’ हा शब्द पुढे आला. उमाजी नाईकाचे बंड, भिल्लांचे बंड, १८७९ चे वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड. लिहिणारा सरकारी असो वा सहानुभूतीचा, शब्द तोच वापरी. १८५७ बद्दल तर दोन पुस्तकांची नावे शेजारी ठेवली की पुरे. गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापले गेले, तेव्हा त्याच्या नावात ‘१८५७ सालच्या बंडाची हकीगत’ असे शब्द होते. दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, सावरकरांनी त्याच घटनेवरील आपल्या ग्रंथाला ‘१८५७ चे स्वातंत्र्यसमर’ असे नाव दिले. पुढे फडक्यांचेही नाव ‘आद्य क्रांतिकारक’ या पदवीसह येऊ लागले. येथे शब्द बदलला तो वाचकांच्या मनात धनी बदलल्यामुळे. इंग्रज सरकार हा आपला धनी नव्हे असे ठरले, तेव्हा त्याच्याविरुद्ध उठणे हे बंड उरले नाही.

स्वातंत्र्यानंतर बंड या शब्दाने आणखी एक वळण घेतले. बंडाला कानडीत ‘बंडाय’ म्हणतात. १९७९ मध्ये बेंगळुरात काही लेखकांनी आपल्या चळवळीसाठी हाच शब्द निवडला आणि बंडाय साहित्य हे नाव रूढ झाले. १९९९ मध्ये मुंबईत धारावीला ‘विद्रोही’ साहित्य संमेलन भरले. विरोधकाने स्वतःच्या हाताने हे नाव आपल्या दारावर लावल्याची ही उदाहरणे. राजकारणात मात्र शब्दाचा दर्जा उतरला. पक्षाचे तिकीट न मिळालेला कार्यकर्ता मराठी वृत्तपत्रांत आधी ‘नाराज’ असतो, मग ‘असंतुष्ट’ होतो, अर्ज भरला की ‘बंडखोर’ होतो. आणि बंडखोर पुष्कळ झाले की त्यांची ‘बंडोबा’ म्हणून थट्टा होते. या चढत्या पायऱ्या कोणत्याही कोशात नाहीत, पण वाचक त्या बिनचूक ओळखतो. कानडी वृत्तपत्रे ‘भिन्नमतीय’ असाही एक शब्द वापरतात. वेगळे मत असणारा, एवढाच त्याचा अर्थ. त्यात ना पुंडाई आहे ना पराक्रम. मराठीने तो घेण्यासारखा आहे.

२०१९ च्या डिसेंबरात होसकोटे विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. आधीच्या आमदाराने पक्ष सोडून राजीनामा दिल्यामुळे जागा रिकामी झाली होती. ज्या पक्षात तो गेला त्या पक्षाने त्यालाच उमेदवारी दिली, आणि म्हणून त्या पक्षातील दुसरा इच्छुक अपक्ष म्हणून उभा राहिला. कोणी कोणाविरुद्ध बंड केले हे बाहेरच्या माणसाला चटकन उमगू नये, असा तो सामना होता. कानडी वृत्तपत्रांनी ‘बंडाय उमेदवार’ हे नाव अपक्षाला दिले. ९ डिसेंबरला निकाल लागला आणि तोच निवडून आला.